पायथॉनच्या सेटमध्ये "आचऱ्याहून" दोनदा का येतंय?

खाणावळ_मालवण
नमस्कार मंडळी. आमची मालवणात खाणावळ आहे. मासळी आणायचं काम मामा आणि चुलत भाऊ करतात, हिशेब माझ्याकडे. दोघंही लिलावावरून व्हॉट्सॲपवर एकेक ओळ टाकतात: काय घेतलं, कुठून, किती किलो. "बांगडा, आचऱ्याहून, १२". "मोरी, सर्जेकोटहून, ८". महिनाअखेर तो चॅट मी फाइलमध्ये काढते आणि पायथॉन ३ मध्ये वाचते.

मला हवंय एवढंच: किती ठिकाणांहून माल आला, किती प्रकारचे मासे आले, आणि आचरा व सर्जेकोट दोन्हीकडून मिळणारे मासे कोणते. पुनरुक्ती आपोआप गळते म्हणून सेट (प्रत्येक मूल्य एकदाच ठेवणारा संग्रह) घेतला. पण ठिकाणांच्या सेटमध्ये "आचऱ्याहून" दोनदा दिसतंय! मागेपुढे रिकामी जागा असेल म्हणून स्ट्रिप लावलं, फरक नाही. डोळे फाडून बघितलं तरी दोन्ही शब्द सारखेच.

दुसरं म्हणजे, प्रोग्रॅम चालवावा तेव्हा यादीचा क्रम वेगळा. ती यादी छापून भिंतीवर लावायची असते. १ जूनला मासेमारीबंदी लागली की ओळी कमी होतात, तेवढ्यात हे मार्गी लावायचंय.

सडा_देवगड
क्रमाचं सांगतो. सेटला क्रम नसतोच. त्यात पायथॉन ३.३ पासून स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराचा, हॅश (त्यावरून काढलेला आकडा) प्रत्येक वेळी नव्या बीजावरून काढला जातो, त्यामुळे तेच शब्द वेगळ्या क्रमाने बाहेर पडतात. छापायच्या आधी सॉर्टेड लावा, म्हणजे यादी क्रमाने लागेल. फक्त तो "ळ"ला "ल"च्या पाठोपाठ बसवतो, आपल्या वर्णमालेसारखा शेवटी नाही. ज्या क्रमाने माल आला तोच क्रम हवा असेल तर सेटऐवजी डिक्टचं, म्हणजे डिक्शनरीचं (नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा संग्रह), फ्रॉमकीज वापरा. ३.७ पासून डिक्शनरी क्रम जपते आणि पुनरुक्तीही गळते.

आणि रिकामा सेट {} असा करू नका, ती डिक्शनरी होते. सेट हे नाव लिहून पुढे रिकामा कंस द्यायचा.

बंदर_रोड_वेंगुर्ला
ताई, दोन्ही "आचऱ्याहून" वेगळे काढा आणि प्रत्येकाला लेन (लांबी मोजणारं फंक्शन) लावून बघा. माझा अंदाज, एकाची लांबी ९ येईल आणि दुसऱ्याची १०.

"ऱ्य" दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड सरळ "ऱ" हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि "य" देतात. काही साधा "र", हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आणि त्यापुढे "य". पडद्यावर दोन्हींची आकृती तीच. सेट मात्र आकृती बघत नाही. तो आधी हॅश बघतो आणि जुळला तर दोन्ही मूल्यं समान आहेत का ते तपासतो. इथे अक्षरांची रांगच वेगळी आहे, म्हणून त्याच्या लेखी ही दोन ठिकाणं.

उपाय करताना जपा. जॉइनर नुसता पुसून टाकलात तर "आचऱ्या"चं "आचर्या" होतं, रफार वर चढतो. "र", हलन्त, जॉइनर हे तिन्ही मिळून शोधा आणि तिथे "ऱ" व हलन्त घाला. मग युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ "एनएफसी" (सुटी चिन्हं जोडून एकच अक्षर करणारं रूप) देऊन चालवा. कोणी "र"खाली नुक्ता देऊन "ऱ" केला असेल तर तो जोडला जाईल, पण जॉइनरला एनएफसी हात लावत नाही. हे सगळं शब्द सेटमध्ये घालायच्या आधी.

माशांच्या नावांचं याहून अवघड आहे, आणि खरा वेळ तिथेच द्या असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. भाऊ "बांगडो" लिहीत असेल, मामा "बांगडा". एक जण "इसवण", दुसरा "सुरमई". हे एकच हे कुठल्याही मॉड्यूलला कळणार नाही. एक डिक्शनरी करा, डावीकडे लिहिलेलं नाव, उजवीकडे तुमचं ठरलेलं नाव. मामांना शेजारी बसवूनच करा, कोणता मासा कुठल्या नावाखाली घालायचा हे त्यांना ठाऊक.

एवढं झालं की पुढचं अगदी सोपं. पायथॉन ३ ला देवनागरी नावं चालतात, तेव्हा बिनधास्त लिहा: आचरा & सर्जेकोट म्हणजे दोन्हीकडे मिळणारे, आचरा - सर्जेकोट म्हणजे फक्त आचऱ्याला मिळणारे, आचरा | सर्जेकोट म्हणजे सगळे मिळून.

एक नाव घालायचं तर ॲड वापरा. अपडेटला नुसतं "बांगडा" दिलंत तर तो शब्द सोलून ब, ा, ं, ग, ड असे पाच घटक सेटमध्ये टाकतो.

रापणकर
आणखी एक गजाल. किलोंची बेरीज सेटवर करू नका. १२ किलो बांगडा आणि १२ किलो तारली आली तर नुसत्या वजनांच्या सेटमध्ये १२ एकदाच राहतो, अर्धा माल हिशेबातून गेला. मासा, ठिकाण, किलो असं त्रिकूट टपलमध्ये (न बदलता येणारी यादी) बांधलं तरी एकाच दिवशी तिथूनच पुन्हा १२ किलो बांगडा घेतला तर दुसरी खरेदी गळणार. मेसेजची तारीख-वेळ टपलमध्ये घाला, बेरजेसाठी साधी लिस्ट ठेवा. टपलच का, तर लिस्ट बदलता येते म्हणून तिचा हॅश निघत नाही आणि सेट ती घेत नाही.

खाणावळ_मालवण
९ आणि १०, अगदी तसंच निघालं! मामांच्या फोनवरून जॉइनर येतोय, भावाच्या फोनवरून सरळ "ऱ". बदल करून घातला, आता आचरा एकदाच. सॉर्टेडही लावलं.

नावांची डिक्शनरी काल रात्री मामांबरोबर केली. इसवण सुरमईत गेली. पेडवे मात्र तारलीत घालायला ते तयार नाहीत, म्हणाले दोन्हीचा भाव वेगळा आणि कालवणही वेगळं. वेगळेच ठेवलेत. बेरीज लिस्टवर नेतेय. रापणकर, तारीख-वेळ चॅटच्या फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीलाच असते, पण त्यात सेकंद नाहीत. एकाच मिनिटात दोन सारख्या ओळी आल्या तर ओळीचा क्रमांकही टपलमध्ये घालू का?

रापणकर
घाला. पण मग एकही ओळ दुसरीसारखी उरत नाही, म्हणजे तिथे सेटचं कामच नाही. खरेदीसाठी लिस्ट, नावं आणि ठिकाणांसाठी सेट, असंच ठेवा.