वडिलांच्या फ्लॅटला 'वडिलोपार्जित' म्हणावं का?

निशिगंध: वडिलांनी पगारातून हप्ते फेडून घेतलेल्या फ्लॅटला मुलं सर्रास 'वडिलोपार्जित' म्हणतात. वर त्याच वडिलांना सुनावतात, "आमचा जन्मतः हिस्सा आहे, विकता येणार नाही." तो फ्लॅट स्वकष्टार्जित आहे. विकावा, बक्षीसपत्र करावं, मृत्युपत्राने कुणालाही द्यावा, सर्वस्वी त्यांची मर्जी. ज्या मिळकतीत जन्मानेच हक्क येतो तिलाच वडिलोपार्जित म्हणावं.

बांधावरून: साफ अमान्य. इथे 'वडील' म्हणजे वाडवडील. त्यांनी मिळवून ठेवलं ते वडिलोपार्जित. आमच्याकडे जमीन दोनच प्रकारची: वडिलोपार्जित नाहीतर खरेदीची. आजोबांनी घेतलेली जमीन वडिलांकडे आली, तिला आम्ही काय खरेदीची म्हणायचं? जन्माने हक्क येणाऱ्या एकत्र कुटुंबाच्या मिळकतीला कायद्यात नेमका शब्द हवा तर 'सहदायिकी' आहे की. लोकांच्या तोंडचा शब्द कशाला आवळता?

निशिगंध: तुमचंच उदाहरण घेऊ. आजोबा १९५६ नंतर मृत्युपत्र न करता गेले आणि त्यांनी स्वतः घेतलेली जमीन वारसाने वडिलांकडे आली, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे ती वडिलांची स्वतंत्र मिळकत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली चंदर सेन प्रकरणात हेच धरलं. वडील हयात असताना नातवाचा त्यात हिस्सा नाही. पण गाव 'वडिलोपार्जित' म्हणतं, नातू दावा लावतो आणि बाप-लेक वर्षानुवर्षं तारखांना जातात.

ओसरी: तुम्ही दोघं बाप-लेकातच अडकलात. हा शब्द सगळ्यात जास्त बहिणींवर चालवला जातो. "वडिलोपार्जित आहे, घराबाहेर जायला नको" म्हणत वारसनोंद झाली की लगेच हक्कसोडपत्र. दुय्यम निबंधकाकडे बहीण अंगठा देते, फोटो निघतो, संध्याकाळी साडीचोळी करून तिची पाठवणी. खरं तर मिळकत वडिलोपार्जित ठरली तर मुलीचाही जन्मतः हक्क! महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो अविवाहित मुलींना दिला, २००५ च्या दुरुस्तीने विवाहितांनाही मिळाला. २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे २०२० च्या विनीता शर्मा निकालाने स्पष्ट झालं. मला तर हा शब्द बहिणींनी ठणकावून वापरायला हवा आहे.

बांधावरून: हक्कसोडाबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्या आत्यांची नावं अशीच कमी झाली. शब्दाबद्दल मात्र मत तेच. जमीन कशी आली ते जुन्या फेरफारांवरून, म्हणजे हक्क बदलल्याच्या सरकारी नोंदींवरून कळतं, ते काढून बघा.

निशिगंध: फेरफार दावा लागल्यावर निघतात हो. "वडिलोपार्जित आहे" हे त्याआधीच म्हणून झालेलं असतं.