ऑफ-ग्रिड केबिन + जनरेटर : इन्व्हर्टर-चार्जर एकत्र की वेगळे?

धागाकर्ता : सोलर आहे, ग्रिड नाही. ढगाळ दिवसांसाठी २ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर. बॅटरी ४८ व्होल्ट, २०० एएच (ॲम्पिअर-तास), लेड-ॲसिड. लोड : अर्धा एचपी पंप, फ्रिज, दिवे. ३ केव्हीएचा एकत्रित इन्व्हर्टर-चार्जर, म्हणजे बॅटरीच्या डीसीचा एसी करणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी भरणारा चार्जर एकाच डब्यात, घ्यावा असं माझं मत आहे. कुणाचा विरोध?

ट्रान्सफॉर्मरवाला : एकत्रितच घ्या, पण ट्रान्सफॉर्मरचा. पंप चालताना ५००-६०० वॉट घेतो, सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट. हाय-फ्रिक्वेन्सी (जड ट्रान्सफॉर्मर नसलेल्या) मॉडेलचा दुप्पट सर्ज, म्हणजे क्षणिक जादा ताकद, बऱ्याचदा काही मिलिसेकंदच टिकतो. मोटर उचलायला तेवढा पुरत नाही.

इनपुट करंट लिमिट (जनरेटरकडून किती ॲम्पिअर ओढायचे ती मर्यादा) बदलता येत नसेल, तर तो डबा घेऊच नका. ३५ ॲम्पिअरचा चार्जर ५६ व्होल्टला जनरेटरकडून सव्वादोन किलोवॉट ओढतो. २ केव्हीएचा सेट तिथेच बसतो. लिमिट ६ ॲम्पिअर ठेवा. बॅटरीला २०-२२ ॲम्पिअर मिळतात आणि २०० एएचला तेवढे योग्यच. पंप लागला की चार्जर आपोआप हात आखडतो.

वेगळेच_बरे : असहमत. स्वस्त जनरेटर रिकामा ५० ऐवजी ५२-५३ हर्ट्झवर फिरतो, लोड पडला की ४८. इन्व्हर्टर-चार्जर त्याला घेतो, सोडतो, परत घेतो. रिले टकटकत राहतो, पेट्रोल जळतं, बॅटरी मात्र उपाशीच. वेगळा पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारा) चार्जर मुळात एसीचा डीसी करतो, त्याला फ्रिक्वेन्सीचं सोयरसुतक नाही. शिवाय एकत्रित बोर्ड जळला की दोन्ही एकदम गेले.

ट्रान्सफॉर्मरवाला : यूपीएस मोड (वीज जरा बिघडली की झटकन बॅटरीवर जाणारी सेटिंग) बंद करा, फ्रिक्वेन्सीची मर्यादा रुंद करा, गव्हर्नर (जनरेटरचा वेग सांभाळणारा भाग) रिकाम्यावर ५१.५ हर्ट्झला लावा. टकटक थांबते. तुमच्या पद्धतीत वीज दोनदा बदलते, एसीचा डीसी नि परत एसी : ०.९ गुणिले ०.९, म्हणजे १९ टक्के वाया.

वेगळेच_बरे : ते नुकसान फक्त त्या वेळच्या लोडवर, म्हणजे फ्रिज नि दिवे. तुमचा ट्रान्सफॉर्मर रिकामा बसून ४० वॉट खात असेल, तर दिवसाला ९६० वॉट-तास. बॅटरी बँकेचा दहावा हिस्सा, तोही रोज! ते आधी मोजा.

अर्थिंग_पाहा : दोघांनीही न्यूट्रलचा मुद्दा सोडून दिला. एकत्रित डब्यातला ग्राउंड रिले बॅटरीवर असताना न्यूट्रल अर्थला जोडतो, जनरेटर आला की सोडतो. बहुतेक पोर्टेबल सेटचा न्यूट्रल तरंगता, म्हणजे अर्थला न जोडलेला, असतो. मग गळती झाली तरी आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) उडत नाही. त्याच्या टेस्ट बटणावर विसंबू नका, बाँड (न्यूट्रल-अर्थ जोड) नसतानाही ते दाबल्यावर आरसीसीबी उडतो. जनरेटर चालू ठेवून न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजा : शून्याजवळ हवं. शंभरच्या आसपास दिसलं, तर इलेक्ट्रिशियनकडून जनरेटरच्या बाजूला, आरसीसीबीच्या अलीकडे, एकच बाँड करून घ्या.