मदत हवी आहे : पद्मिनीचा फ्लोअर गंजलाय

मंडळी, गुहागरला काकांची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी आहे, स्टेअरिंगवर गिअरवाली, ती मी आणि काका मिळून खळ्यात मांडवाखाली दुरुस्त करतोय. इंजिनचं टेन्शन नाही, कार्बोरेटर साफ केल्यावर मस्त गुरगुरतंय. पण मॅटिंग उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखाली पत्र्याचा पापड झालाय, स्क्रूड्रायव्हर टेकवला की आरपार, खालचं सारवण दिसतं! खारा वारा, दुसरं काय. काका म्हणतात फायबर मारून टाक, मला नाही पटत, या गाडीला वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) नाही, वजन फ्लोअर आणि बॉडीच पेलतात ना. १८ गेजचा (जरा जाड) पत्रा वेल्ड करू की २० (पातळ)? वरून गंज रोखायला रेड ऑक्साइड पुरेल की इपॉक्सी प्रायमरच हवा? चिपळूणकडे असं पत्राकाम करणारा कोणी असेल तर प्लीज सांगा, पावसाआधी मांडव काढायचाय.