बाबांची बायपास – धोक्याचा आकडा नेमका कसा समजून घ्यायचा? (ठाणे)

मंडळी, मदत हवी आहे. बाबा ६८ वर्षांचे, वीस वर्षांपासून शुगर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.८, ईएफ (हृदयाची पंपिंगची ताकद) ४० टक्के. अँजिओग्राफीत तिन्ही नसा बंद. बायपासच करा म्हणाले.

सर्जननी युरोस्कोअर २ (हृदयाच्या ऑपरेशनचा धोका मोजायचं गणित) काढून "साधारण चार टक्के रिस्क" सांगितली आणि दोन मिनिटांत पुढचा पेशंट आत! मी घरी येऊन वाचलं, तर हा आकडा मुख्यतः हॉस्पिटलमधल्या मृत्यूचा. डायलिसिस लागणं, पक्षाघात, छातीच्या हाडाला जंतुसंसर्ग हे त्यात धरलेलं नसतं. शुगरवाल्यांना जखमेचा त्रास जास्त, आणि बाबांचं एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) ९.२ आहे. आधी ते खाली आणायला थांबावं, की नसांची अवस्था बघता थांबणंच धोक्याचं? हे विचारायचं तेव्हा सुचलंच नाही.

दुसरं, बाबा चाळीस वर्षं तंबाखू मळतायत. आता सोडली म्हणतात, पण परवा उशीखाली चुन्याची डबी सापडली. फुफ्फुसांच्या व्यायामाचं, श्वास आत ओढायचं ते तीन चेंडूंचं यंत्र आणलंय, एकच चेंडू वर जातो, दुसरा नुसता थरथरतो.

ठाणे-नवी मुंबईत सेकंड ओपिनियन घेतलेल्यांनी सांगा: डॉक्टरांना काय काय विचारलंत? किडनी आधीच कमजोर असलेल्यांना नंतर कसं गेलं? आम्ही नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरी आणल्यावर जिने कधी चढू दिले?

कृपया लसूण-आल्याचे काढे सुचवू नका, मावशीकडून रोज येतायत.