हॅलयार्डला डायनीमा की साधा पॉलिएस्टर?

खांदेरीवारा:
आमची २६ फुटी शिडाची बोट आहे, चौघांनी मिळून घेतलेली, जुनी. मुंबई बंदरात नांगरलेली असते. ऑक्टोबर ते मे मांडवा, अलिबाग, कधी मुरूड. आता पावसाळ्यात ती काठावर आहे तोवर सगळे चालते दोर बदलायचे आहेत. चालते म्हणजे शीड चढवायचे, ओढायचे, सैल सोडायचे ते. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या पोलादी तारांचा हा विषय नाही.

विषय निघाला तो एप्रिलमधल्या एका दुपारमुळे. मुरूडहून परत येत होतो, खांदेरीच्या बाहेर वायव्येचा वारा वीस नॉटपर्यंत (ताशी सुमारे ३७ किलोमीटर) चढला. मेनसेलचं, म्हणजे मुख्य शिडाचं, हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, क्लचमध्ये, म्हणजे दोर जागेवर धरून ठेवणाऱ्या चिमट्यात, जिथे चिमटला जातो नेमकं तिथेच त्याचं आवरण फाटलं. आतला पांढरा गाभा सुळकन पुढे सरकला, आवरण मोज्यासारखं गोळा होऊन क्लचमागे बसलं आणि शीड हातभर खाली आलं. उतरवायला गेलो तर तो गोळा क्लचमधून जाईना. बोट वाऱ्याच्या तोंडाला धरून क्लचच्या पुढे सुरीने दोर कापला, तेव्हा कुठे शीड खाली आलं. दोर साधा दुहेरी विणीचा पॉलिएस्टर होता, किती वर्षांचा ते आधीच्या मालकालाही सांगता आलं नाही.

माझं मत असं. हॅलयार्डला डायनीमाचा, म्हणजे फार मजबूत आणि कमी ताणणाऱ्या कृत्रिम धाग्याचा, गाभा आणि वर पॉलिएस्टरचं आवरण घ्यावं. शीटला, म्हणजे शिडाचं खालचं टोक ओढणाऱ्या दोराला, साधा पॉलिएस्टर पुरे. आमच्या हॅलयार्डचा ताणाखालचा भाग साधारण १३ मीटर आहे. पॉलिएस्टर कामाच्या ताणात दीड-दोन टक्के लांबतो, म्हणजे वीतभर. डायनीमाचा गाभा त्याच ताणात चार-पाच सेंटिमीटर. झोत आला की हॅलयार्ड लांबतं, शिडाची पुढची कड सैल पडते, पोट फुगून मागे सरकतं, बोट जास्त कलते आणि सुकाणू हाताला ओढायला लागतं. नेमकं नको तेव्हा शीड फुगवणारा दोर मला नको आहे.

बोटीतल्या बाकी तिघांचं मत: सगळीकडे पॉलिएस्टर, उगाच खर्च नको. तुम्ही काय म्हणता?

बंदरकाठ:
मी तुमच्या तिघांच्या बाजूचा. तीस वर्षं याच पाण्यात शीड लावतोय.

तुमचा हिशोब अर्धाच खरा आहे. ती वीतभर लांबी तुम्ही शीड चढवताना विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरकीवर, आधीच काढून घेता. पुढे फरक पडतो तो फक्त झोतात वाढणाऱ्या ताणाचा, आणि त्यासाठी कनिंगहॅम आहे, म्हणजे शिडाची पुढची कड खाली ओढणारा छोटा दोर, तो ओढा की पुढची कड पुन्हा ताठ. शिवाय तुमचं शीड जुन्या डेक्रॉनचं, म्हणजे पॉलिएस्टरच्याच कापडाचं, असणार, ते कापड स्वतःच ताणतं. दोर ताठ आणि कापड सैल, यात मिळालं काय?

दुसरं, पॉलिएस्टर कुणालाही कळतो. बोलाईनची गाठ मारा, काम झालं. डायनीमाला गाठ मारली की निम्मी ताकद गेली म्हणून समजा. तो गुळगुळीत, गाठीत सरकतो. त्याला स्प्लाइस करावा लागतो, म्हणजे टोक दोरातच ओवून फास करायचा, तोही नीट मापात. हर्णैच्या जेट्टीवर हॅलयार्ड तुटलं तर तिथे कोण करून देणार? पॉलिएस्टर मिळेल, डायनीमा मिळणार नाही.

आणि गोल्डन ग्लोब शर्यत आठवा, एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची ती. तिच्या नियमांत कार्बन फायबर, केव्हलार, स्पेक्ट्रा यांना मनाई आहे. स्पेक्ट्रा म्हणजे डायनीमाचाच सख्खा भाऊ. त्या नियमांत राहून अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या शर्यतीत अख्खी पृथ्वी फिरून दुसरे आले. मांडव्याला जायला तुम्हाला डायनीमा कशाला?

खांदेरीवारा:
बंदरकाठकाका, विंचचा मुद्दा मान्य. वीतभर नाही, झोताझोताला सात-आठ सेंटिमीटर म्हणू. पण तेवढ्यानेही आमची बोट जास्त कलते, हे सुकाणू धरणाऱ्या माझ्या हाताला कळतं. आणि कनिंगहॅम ओढायला माणूस डोलकाठीपाशी जावा लागतो. वीस नॉटमध्ये, दोघंच असताना, मी कुणाला पुढे पाठवू?

गोल्डन ग्लोबचं उदाहरण मात्र लागू होत नाही. ती मनाई शर्यत १९६८ सारखी व्हावी म्हणून आहे, पॉलिएस्टर चांगला म्हणून नाही. त्या पहिल्या शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांना ३१२ दिवस लागले, तेही मुंबईत बांधलेल्या सागवानी ‘सुहेली’तून. त्या बोटीबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. पण आदर आहे म्हणून तिच्या काळाची साधनंच वापरायची, असं होत नाही.

जिबवाली:
मी लहान बोटींच्या शर्यती करते. माझं मत तुम्हा दोघांच्याही पलीकडचं: शीटलासुद्धा डायनीमा घ्या, पण बारीक. मार्चमधल्या सकाळी चार नॉट वारा असतो तेव्हा भिजलेली जाडजूड जिबशीट, म्हणजे पुढच्या लहान शिडाची (जिबची) शीट, शिडाचा कोपरा आपल्या वजनाने खाली ओढते आणि शिडाला आकारच येत नाही. डायनीमा पाण्यापेक्षा हलका आहे, तरंगतो, पाणी पीत नाही. आमच्याकडे शीटच्या शिडाकडच्या भागाचं आवरण काढून टाकतात आणि हातात येणारा भाग तेवढा जाड ठेवतात.

बंदरकाठ:
ताई, तुमची बोट शर्यत संपली की पाण्याबाहेर येते. यांची सहा-आठ महिने खारात आणि उन्हात असते. आणि मेनसेलची शीट रात्री आठ वाजता, ओल्या हाताने, दमलेल्या माणसाने ओढायची असते. बारीक दोर तळहात कापतो. १० मिलिमीटरचा पॉलिएस्टर दोन टनांच्या वर सहज जातो, यांच्या शीटवर काहीशे किलोच येतात. तरी १० का घ्यायचा? मुठीसाठी. शीट निवडायची ती हाताच्या हिशोबाने, ताकदीच्या नाही.

खांदेरीवारा:
यावर आपलं एकमत आहे, काका. शीट १० मिलिमीटर, पॉलिएस्टर, खरखरीत आवरणाची.

निवृत्त_बोसन:
सगळं वाचलं. साहेब, तुम्ही दोघं गाभ्यावरून भांडताय आणि तुमचा दोर निकामी झाला आवरणामुळे. डायनीमा घेतला असता तरी आवरण पॉलिएस्टरचंच असतं आणि त्याच जागी फाटलं असतं. उलट डायनीमाचा गाभा निसरडा, तो जास्तच वेगाने सुटला असता.

आधी शिडी लावून वर जा आणि डोलकाठीच्या टोकाच्या कप्पीचं चाक बघा. जुन्या बोटींत हॅलयार्ड अर्धं तारेचं, अर्धं दोराचं असायचं. तारेसाठीच्या चाकाची खाच अरुंद, इंग्रजी व्ही सारखी असते. त्यात दोर घातला की तो खाचेत चेपून कडांवर घासतो. खाच गोल नसेल तर चाक बदला. खाचेवरून हाताचं बोट फिरवा, कडेला कुसळासारखं काही लागतंय का बघा. चाकाच्या खर्चाला मागेपुढे पाहू नका, कारण ते तसंच राहिलं तर वर घातलेला कुठलाही दोर महागच पडणार.

मग क्लच. त्यावर किती ते किती मिलिमीटरचा दोर चालतो ते लिहिलेलं असतं. ८ ते १० लिहिलं असेल तर ८ चा दोर काठावर पास होतो, थोडा झिजला की सरकतो. बारीक डायनीमा घेणारे नेमके इथे फसतात.

आणि हॅलयार्ड दीड मीटर जास्त लांब घ्या. दर हंगामाला शिडाकडचं टोक थोडं कापून नवी गाठ किंवा नवा स्प्लाइस करायचा. क्लच मग दरवेळी दोराच्या ताज्या जागेवर चावतो. चाकावरची जागाही बदलते. तुमच्या दोरात वर्षानुवर्षं एकच जागा चावली गेली.

हर्णैकर_पोर:
आमचा आजा शिडाची होडी चालवायचा, बापूस इंजिनाची. आजाच्या वेळी काथ्याचा दोर, सुंभ. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, पण समुद्रावर त्याचा गुण वेगळाच होता: तो ताणायचा. लाट आली की दोर द्यायचा आणि होडीला झटका बसायचा नाही.

तुमच्या ताठ दोराबद्दल हीच शंका आहे. बोट जुनी म्हणताय. झटका दोराने घेतला नाही तर तो कुठेतरी जाणारच. कप्पीच्या खिळ्यात, डोलकाठीच्या टोकाच्या पत्र्यात, डेकवरच्या बोल्टात. दोर बदलायला तासभर, बोल्टाखालचं कुजलेलं लाकूड बदलायला महिना. ते आधी तपासा.

खांदेरीवारा:
हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. डेकवरच्या वळण-कप्प्यांखालचे बोल्ट या वीकान्ताला उघडून बघतो.

बंदरकाठ:
मी म्हणतच होतो. पॉलिएस्टर थोडा देतो, तो त्याचा दोष नाही, कामच आहे. आणि मधला मार्ग आहे: कारखान्यात आधीच ताणून घेतलेला पॉलिएस्टर. साध्यापेक्षा बराच कमी लांबतो, गाठ घेतो, दर थोडाच जास्त.

निवृत्त_बोसन:
तो हाताला कडक असतो, वेटोळं नीट बसत नाही. पण हॅलयार्डला चालतो. खिसा आखडता असेल तर मी तोच घेईन.

डायनीमा घेणार असाल तर दोन गोष्टी. तो दीडशे अंशांच्या आतच वितळतो, पॉलिएस्टर अडीचशेच्या वर. विंचवरून ताणातला दोर सरकवत सोडू नका, वेढे काढत सोडा. आणि सतत ताणात ठेवला तर तो हळूहळू कायमचा लांबतो. नांगरल्यावर हॅलयार्ड सैल करायचं म्हणजे करायचंच.

जिबवाली:
स्प्लाइसची भीती बाळगू नका. मी पहिला केला तो स्वयंपाकघराच्या टेबलावर, विणकामाच्या पोकळ सुईने. गाभा गाभ्यात ओवायचा, पुरता लांब, व्यासाच्या सत्तरएक पट, शेवटचं टोक निमुळतं कापायचं. टोक गरम सुरीने कापू नका, पॉलिएस्टरसारखा नीट मणी होत नाही. आधी चिकटपट्टी गुंडाळा आणि धारदार कात्रीने कापा, बोथट कात्रीवर तो नुसता लोळतो. हर्णैच्या जेट्टीचा प्रश्न असेल तर बोटीत पॉलिएस्टरचा एक सुटा दोर ठेवा. अडल्या वेळी गाठ मारून तोच हॅलयार्ड.

खांदेरीवारा:
रविवारी वर गेलो होतो. बोसनसाहेब, खाच व्ही आकाराचीच निघाली. एका कडेला नखाला अडेल असा ओरखडा, त्यात जुन्या आवरणाचे निळे धागे अडकलेले. चाक बदलतोय, गोल खाचेचं. वळण-कप्प्यांच्या चार बोल्टांपैकी एक हलत होता, खालचं प्लायवुड काळं पडलंय. ते आधी उकरून भरायचं.

क्लचवर ८ ते १२ लिहिलंय, म्हणून हॅलयार्ड १० चं. मेनसेलला डायनीमा गाभा, दीड मीटर जादा. जिबच्या हॅलयार्डला काकांचा ताणलेला पॉलिएस्टर, म्हणजे एकाच बोटीवर, एकाच हंगामात दोन्ही शेजारी शेजारी बघता येतील. झोतात दोन्ही किती लांबतात ते मोजायला दोरांवर क्लचपाशी दोऱ्याची खूण बांधणार आहे. डिसेंबरात आकडे इथेच टाकतो.

बंदरकाठ:
टाका. पण दोन्हींवर ताण सारखा नसतो, तेही लिहा. जिबचा ताण वेगळा मोजा.