रिकॉल म्हणजे सरसकट नवे इंजिन नव्हे

रिकॉल निघाला, म्हणजे दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावल्या, की इंजिन फुकट बदलून मिळतेच, असे म्हटले जाते. ह्युंदाईच्या थीटा-२ इंजिनांबाबत अमेरिकेत मात्र तसे झाले नाही. क्रँकशाफ्टमधील (इंजिनातील मुख्य फिरत्या दांड्यातील) तेलाच्या वाटा कोरताना मागे राहिलेला धातूचा कीस बेअरिंगकडे (दांडा ज्यावर फिरतो त्या आधाराकडे) जाणारे तेल अडवत असे, आणि खडखड ऐकू येईपर्यंत बेअरिंग झिजलेले असे. २०१५ मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या गेल्या, पण आधी तपासणी होई आणि दोष आढळला तरच इंजिन बदलले जाई. या इंजिनांचे रिकॉल काढण्यातील दिरंगाईपायी २०२० मध्ये ह्युंदाई व किया यांनी मिळून २१ कोटी डॉलरच्या दंडाची तडजोड मान्य केली. ऑइल बदलल्याच्या पावत्या मात्र जपून ठेवाव्यात, कारण हमी नाकारताना पहिले बोट बहुधा मालकाच्या देखभालीकडेच दाखवले जाते.