हळदीच्या अर्कानं डीसीएफडीएचा हिरवा सिग्नल वाढायलाय, हे खरंच आरओएस आहे का?

वसमतची_हळद

नमस्कार मंडळी. डीसीएफडीए म्हणजे आरओएस (ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू) मोजायला पेशीत घालतात तो प्रोब; ऑक्सिडाइज झाला की हिरवा चमकतो. वसमत भागातल्या हळदीचा इथेनॉल अर्क हेपजी२ (माणसाच्या यकृताच्या कर्करोगाच्या) पेशींवर तपासायलोय. ९६ वेलची (छोट्या खळग्यांची) पारदर्शक प्लेट, वेलमागे १०,००० पेशी, अर्क २५, ५० आणि १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, २४ तास. त्यानंतर पेशी वाढवायच्या नेहमीच्याच मीडियात (१० टक्के सीरम, फिनॉल रेड हा रंग असलेला) २० मायक्रोमोलर डीसीएफडीए ३० मिनिटं, एक वॉश, आणि ४८५/५३५ नॅनोमीटरवर (उत्तेजन/उत्सर्जन) रीडिंग.

दोन भानगडी आहेत. एक, काहीच न दिलेल्या कंट्रोल पेशीसुद्धा चांगल्याच चमकायल्यात. दोन, डोस वाढवला की हिरवा रंग वाढतो, आणि डीपीपीएचमध्ये (पेशींशिवायची अँटिऑक्सिडंट चाचणी) मात्र हाच अर्क जबरदस्त अँटिऑक्सिडंट दिसतो. 'प्रो-ऑक्सिडंट परिणाम' असं लिहून टाक, असं काहीजण म्हणायलेत. लिहू का?

फिल्टर५३५

थांबा, इतक्यात लिहू नका. हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, स्वतःच हिरवं चमकतं. त्याचं शोषण साधारण ४२५ नॅनोमीटरला सगळ्यात जास्त असलं तरी शेपूट ४८५ पर्यंत येतं, आणि उत्सर्जन ५०० ते ५४० च्या पट्ट्यात, म्हणजे नेमकं तुमच्या फिल्टरमध्ये.

यात एक चकवा आहे. नुसत्या पीबीएसमध्ये (खारट बफर) अर्क टाकून 'ब्लँक (प्रोबशिवायचं रीडिंग) तर कमी येतोय' असं बघून गप्प बसू नका. पाण्यात कर्क्युमिन मंदच चमकतं. पेशीच्या आवरणातल्या मेदात शिरलं किंवा अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलं की चमक कितीतरी वाढते, आणि एका वॉशनं ते निघत नाही. म्हणून खरा ब्लँक एकच: पेशी + अर्क + २४ तास + तेच सगळे वॉश, फक्त प्रोब नाही; प्रोबऐवजी तेवढंच डीएमएसओ (प्रोब ज्यात विरघळवतात ते द्रावक). हा ब्लँक प्रत्येक डोसला वेगळा लावा, तीन-तीन वेल.

नऊशेसहा

वरचं बरोबर आहे. पण कंट्रोल का चमकतोय ते वेगळं दुखणं आहे, आणि ते मीडियात आहे. डीसीएफडीए पेशीत शिरल्यावर एस्टरेज एन्झाइम त्याचे ॲसिटेट तोडतात, मग तो (आता डीसीएफएच) आत अडकतो आणि ऑक्सिडाइज झाला की हिरवा डीसीएफ होतो. सीरममध्येही एस्टरेज असतात. म्हणजे अर्धं काम बाहेरच उरकतं आणि बाहेरच रंग तयार होतो. शिवाय फिनॉल रेडमुळे पार्श्वभूमी वाढते ती वेगळीच.

असं करून बघा:

स्टॉक १० मिलीमोलर. रेणुभार ४८७.३, म्हणून ४.८७ मिग्रॅ १ मिली कोरड्या डीएमएसओत. २० मायक्रोलिटरचे भाग पाडा, फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० ला. एकदा काढलेला भाग परत ठेवू नका. डीएमएसओ १८ अंशांच्या आसपासच वितळतं आणि हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडं मे महिन्यात लाईट जाऊन फ्रीझर तापला की सगळे भाग वितळून बसतात. स्टॉक रंगहीन असायला हवा. पिवळसर-हिरवट झाला असेल तर कितीही महाग असला तरी फेका.

लोडिंग १० मायक्रोमोलर पुरतं, २० नको. १० मिली कोमट एचबीएसएसमध्ये (क्षारांचं द्रावण; सीरम नाही, फिनॉल रेड नाही) १० मायक्रोलिटर स्टॉक, की पूर्ण प्लेट होते आणि डीएमएसओ ०.१ टक्का राहतं. वेलमागे १०० मायक्रोलिटर, ३७ अंशांना, अंधारात ३० मिनिटं. दोन वॉश, हलक्या हातानं, कारण हेपजी२ चे पुंजके सुटून येतात. प्लेट काळ्या भिंतीची, तळ पारदर्शक. साध्या प्लेटमध्ये शेजारच्या वेलचा उजेड गळतो.

आणि एकच रीडिंग घेऊ नका. तासभर दर ५ मिनिटांनी घ्या आणि चढ बघा. कर्क्युमिनची चमक सुरुवातीपासूनच तिथं असते, ऑक्सिडेशनची हळूहळू चढते. मायक्रोस्कोपवर मात्र सतत उजेड मारू नका, त्या उजेडानंच प्रोब ऑक्सिडाइज होतो.

वसमतची_हळद

काळी प्लेट, एचबीएसएस, १० मायक्रोमोलर केलं. कंट्रोल खाली आला. पण प्रोबशिवायचे वेलसुद्धा हिरवे! १०० च्या डोसला तर प्रोब असलेल्या वेलच्या जवळपास. मग सरळ वजाबाकी करून उरलेलं लिहू?

फिल्टर५३५

लहान डोसला वजाबाकी चालेल. १०० ला नाही. तिथं दोन जवळजवळ सारख्या मोठ्या आकड्यांचा फरक तुम्ही काढताय, आणि अर्क ४८५ चा उजेड थोडा स्वतःच पितो, त्यामुळं डीसीएफही कमी दिसतो. कर्क्युमिनची चमक आकडा वाढवते, हे उजेड पिणं तो कमी करतं; दोन्ही चुका उलट दिशेच्या आहेत, वजाबाकीत सापडत नाहीत.

रंगच बदला. सेलरॉक्स डीप रेड हा लाल प्रोब घ्या, ६४४ ला उत्तेजन, ६६५ ला उत्सर्जन. तिथवर कर्क्युमिन पोचत नाही. ५ मायक्रोमोलर, ३० मिनिटं, ३७ अंश, मग तीन वॉश. महाग आहे, म्हणून आधी फक्त एक डोस आणि कंट्रोल. प्रोबशिवायचा ब्लँक तरीही लावाच.

नऊशेसहा

दोन गोष्टी जोडतो.

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड सगळे वापरतात, पण डीसीएफएच त्याच्याशी थेट जवळजवळ रिॲक्टच होत नाही. मध्ये पेरॉक्सिडेज एन्झाइम, हीम किंवा मोकळं लोह लागतं. अर्कातून लोह आलं असेल तरी सिग्नल चढतो. काही वेलमध्ये आधी तासभर १०० मायक्रोमोलर डेफेरॉक्झामीन (लोह पकडून ठेवणारं औषध) देऊन बघा. मरणाऱ्या पेशींतून सुटलेलं, हीम असलेलं सायटोक्रोम सी सुद्धा हेच करतं, त्यामुळं पेशी जिवंत किती ते त्याच प्लेटवर मोजा. एमटीटी (जिवंत पेशी जांभळा करतात तो रंग) नको, अर्कातले पॉलिफिनॉल त्याला स्वतःच जांभळं करतात. रीडिंग झालं की क्रिस्टल व्हायोलेट (चिकटून राहिलेल्या पेशी रंगवतं), ५९० ला.

एनएसी (एन-ॲसिटिल सिस्टीन, अँटिऑक्सिडंट) ५ मिलीमोलर लावणार असाल तर त्याचा स्टॉक आधी सोडियम हायड्रॉक्साइडनं ७.४ पीएचवर आणा. नाहीतर मीडिया आम्ल होऊन सिग्नल पडतो आणि आपण 'आरओएस कमी झाले' म्हणून नाचतो. तसंही एनएसीची पेरॉक्साइडशी क्रिया फार मंद आहे, तो पुरावा कच्चाच. पीईजी-कॅटालेज (पेरॉक्साइड तोडणारं एन्झाइम) लावून सिग्नल पडला तर गोष्ट वेगळी.

आणि २४ तासांचं काय? सीरम नसलेल्या, ७.२ पीएचच्या बफरमध्ये ३७ अंशांना कर्क्युमिन अर्ध्या तासात जवळपास सगळं मोडतं. सीरम असेल तर जास्त टिकतं, पण २४ तासांनी तुम्ही बघताय तो बराचसा मोडलेला माल. १, ४ आणि २४ तास अशा तीन वेळा घ्या.

फिल्टर५३५

लिहिताना 'आरओएस वाढले' असं लिहू नका. 'डीसीएफ फ्लुरोसन्स वाढला' लिहा, आणि प्रोबशिवायचा ब्लँक त्याच आलेखात शेजारी काढा. 'प्रो-ऑक्सिडंट' शब्द डीप रेड आणि कॅटालेजचे निकाल हातात आल्यावर.